दाराजवळची जागा: भगंदर आणि लेझरबद्दल आलेली पत्रं

मागच्या अंकात मूळव्याधीवर लिहिताना शेवटी भगंदराचा (डॉक्टर ज्याला फिस्टुला म्हणतात, गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली पुवाची वाट) दोन ओळींत उल्लेख केला होता. त्या दोन ओळींवर अकरा पत्रं आली. त्यातल्या नऊ जणांनी नाव घातलेलं नाही. नाव नको असेल तर चालेल, पण वय, गाव आणि दुखणं किती दिवसांचं आहे तेवढं लिहीत चला. उत्तर देताना त्याचा फार उपयोग होतो. यातली चार-पाच पत्रं आज घेते.

डॉक्टर मॅडम, मी म्हापशाला मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे दुचाकीवरून भाडं नेतो. वय 38. दोन वर्षांमागे बसायच्या जागेला फोड आला, ताप भरला. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी तो आपोआप फुटला आणि जिवाला आराम पडला. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तो भरतो, ठणकतो, फुटतो. पू येऊन कपडे खराब होतात. उन्हात तापलेल्या सीटमुळे झालं, असं घरची माणसं म्हणतात. एका सर्जननी फिस्टुला आहे, कापून मोकळा करू असं सांगितलं. दुसरीकडे म्हणाले, लेझर करा, कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी कामावर. पैसे मात्र बरेच जास्त. माझं पोट गाडीवर आहे. काय करू?

आधी तुमच्या गाडीची सुटका करते. सीटनं हे होत नाही. गुदमार्गाच्या आत, कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर वर, बारीक ग्रंथी असतात, सहा ते दहा. त्यातल्या एखादीचं तोंड तुंबलं की आत पू होतो आणि तो वाट काढत कातडीपर्यंत येतो. तुमचा चवथीचा फोड म्हणजे तो पू. तो फुटला, पण ग्रंथीचं आतलं तोंड उघडंच राहिलं. आतून शौचातले जंतू त्या वाटेत शिरत राहतात. बाहेरचं भोक बुजलं की पू साठतो, ठणका लागतो, मग पुन्हा फुटतो. मलमानं किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ही वाट बुजत नाही. दोन वर्षांत तुम्ही किती मलमं लावली असतील याचा मला अंदाज आहे.

(एक गोष्ट मात्र तपासून घ्या. भोक गुदद्वाराजवळ आहे, की वर, माकडहाडाच्या खाचेत? खाचेत असेल आणि त्यातून केस निघत असतील, तर तो पायलोनिडल सायनस. तो सतत बसून गाडी चालवणाऱ्यांना होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत तो इतका दिसला की त्याला ‘जीपचा आजार’ असं नाव पडलं. त्याचा इलाज वेगळा असतो.)

आता कापायचं की लेझर. याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: तुमची वाट किती स्नायूच्या आरपार गेली आहे. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी आहेत. आतलं आपल्या नकळत आवळलेलं असतं, बाहेरचं आपण ठरवून आवळतो. वायू, पातळ शौच, घट्ट शौच यांतला फरक ओळखून धरून ठेवायचं काम ही कडी करतात. 1976 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स यांनी 400 रुग्ण तपासून भगंदराच्या वाटा स्नायूंच्या हिशेबानं लावल्या: दोन कड्यांमधून उतरणारी, दोन्ही भेदून जाणारी, वरून वळसा घेणारी, पार बाहेरून जाणारी. आजही आम्ही त्याच भाषेत बोलतो.

वाट खालून, थोड्याच स्नायूतून गेली असेल तर कापून मोकळं करणं हा उत्तम उपाय आहे. शंभरातले नव्वदहून जास्त त्यानं कायमचे बरे होतात. लेझर इतका यशस्वी नाही. तेव्हा पहिल्या सर्जननी तुम्हाला जुनाट काहीतरी सांगितलं, असं मनात आणू नका. वाट वरून, बऱ्याचशा स्नायूतून गेली असेल तर मात्र कापू देऊ नका.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगते, तेही लिहिते. माझे वडील पखवाज वाजवायचे. श्रावणात आमच्या देवळातला भजनी सप्ताह त्यांच्याशिवाय उभा राहत नसे. 1984 साली त्यांचं भगंदर कापलं. जखम दीड-दोन महिन्यांत भरली, आजार पुन्हा कधी आला नाही. पण वायू रोखता येईना. त्या श्रावणात पखवाज त्यांनी चुलतभावाच्या हाती दिला आणि सभामंडपात दाराजवळच्या खांबाला टेकून बसले. पुढच्या वर्षी तिथंही बसले नाहीत. मी तेव्हा बारावीत होते. बाबांचा देवावरचा विश्वास उडाला, असं मला वाटायचं. खरं कारण मला पंधरा वर्षांनी आईनं सांगितलं, तोवर मी स्वतः सर्जन झाले होते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना मी दोष देत नाही. तेव्हा इथं एम.आर.आय. नव्हता, बोटाला आणि सळईला जेवढं कळलं तेवढ्यावर त्यांनी केलं. आज तसं करायचं कारण उरलेलं नाही.

म्हणून पहिली पायरी, गुदमार्गाचा एम.आर.आय. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथं नको. वाट किती स्नायूतून जाते, तिला फाटे आहेत का, कुठं पुवाचा कप्पा राहिलाय का, आतलं तोंड घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहे, हे सगळं त्यात दिसतं. फाटा राहून गेला तर वरचं काम कितीही सुबक करा, आजार परत येतो.

लेझरमध्ये काय होतं ते ऐका. बाहेरच्या भोकातून एक बारीक तंतू आतल्या तोंडापर्यंत सरकवतात. नेहमीचा लेझर टोकातून सरळ पुढं जातो; या तंतूच्या टोकातून प्रकाश चहूबाजूंनी, गोल पसरतो. बहुतेक ठिकाणी वापरतात तो 1470 नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. आपल्याला दिसतो तो नुसता दिशा दाखवणारा रंगीत ठिपका. हा प्रकाश पेशींतलं पाणी शोषून घेतं, ते तापतं, आणि वाटेच्या आतलं अस्तर जळून भिंती आक्रसतात. ताकद साधारण 12-13 वॅट ठेवायची आणि तंतू सेकंदाला एक मिलिमीटर या गतीनं मागं ओढत आणायचा. घाईनं ओढला तर अस्तर जिवंत राहतं, रेंगाळला तर बाजूचा स्नायू भाजतो. आतलं तोंड टाक्यानं किंवा शेजारचं अस्तर सरकवून बंद करतात. बाहेरचं भोक मुद्दाम उघडं ठेवतात, पाझर निघून जावा म्हणून. स्नायूला सुरी लागत नाही. या सगळ्या खटाटोपाचा हेतू तेवढाच आहे.

आणि आता ज्या गोष्टी जाहिरातीत नसतात त्या. ही पद्धत जर्मनीतल्या विल्हेल्म या सर्जननी 2011 साली पहिल्यांदा मांडली, तेव्हा 11 रुग्णांतले 9 बरे झाले होते. पुढं त्यांनीच 2017 साली 117 रुग्णांचा हिशेब दिला. पहिल्या खेपेला शंभरातले 64 बरे झाले, आणि उरलेल्यांवर दुसरी शस्त्रक्रिया केल्यावर हा आकडा 88 वर गेला. इतर ठिकाणचे काही हिशेब याहून खाली, चाळिशीतले आहेत. म्हणजे पहिल्या प्रयत्नात तिघांतल्या एकाचा आजार परत येऊ शकतो, हे धरूनच टेबलावर चढायचं. तरीही वरच्या वाटेसाठी मी लेझरचा विचार करते, कारण तो फसला तरी स्नायू शाबूत असतो आणि पुढचे मार्ग उघडे राहतात. पुन्हा लेझर करता येतो, किंवा लिफ्ट नावाची शस्त्रक्रिया करता येते, ज्यात दोन कड्यांच्या मधे शिरून वाट बांधून तोडतात. ती 2007 साली थायलंडमध्ये निघाली.

वाट रुंद असेल, आत पू असेल, फाटे असतील, तर थेट लेझर करू नये. आधी पू काढून वाटेत सैल धागा घालून ठेवतात, सेटॉन म्हणतात त्याला. सहा ते बारा आठवडे तो राहतो. वाट निचरते, अरुंद होते, मग लेझर. लोकांना हा धागा नकोसा वाटतो. पण तो घालून माणसं भात लावायलाही जातात, मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी कामावर? टेबलाशी बसणारा चार दिवसांनी जाईल. तुम्ही दोन आठवडे गाडीवर बसू नका, असं मी तुम्हाला सांगेन. चार-सहा आठवडे पातळ, पिवळसर पाझर येत राहतो. तो येतो म्हणून फसलं असं समजून घाबरू नका. तिसऱ्या महिन्यानंतरही येत असेल तर दाखवा. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसा. शौच मऊ राहू द्या. कोंड्याची पोय (पाव), तांबडी भाजी, भरपूर पाणी, आणि नाक्यावरच्या मिरची-भज्यांना थोडे दिवस रजा. तंबाखू ओढत असाल तर आत्ताच सोडा, त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

पैशाचं. तंतू एकदाच वापरायचा असतो, म्हणून खर्च वाढतो. तुमच्या घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड असेलच. भरती व्हायच्या आधी विचारा: शस्त्रक्रिया योजनेत बसते का, आणि तंतूचे पैसे वेगळे लागतील का. उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉच्या) सर्जरी ओपीडीत, एकदा दुसरं मत घ्या. एक दिवसाचा धंदा बुडेल. बुडू दे.

मी डिचोली तालुक्यातली, वय 27. सात महिन्यांपूर्वी बाळंत झाले, टाके पडले होते. तीन महिन्यांपासून पुढच्या बाजूला, टाक्यांच्या जवळ बारीक भोक पडून पू येतो. घरी सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. बाळ अंगावर पितं. लेझर केलं तर कुणाला कळणार नाही ना?

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

बाईच्या शरीरात पुढच्या बाजूला बाहेरचं कडं मुळातच आखूड असतं. त्यात बाळंतपणात ताण बसलेला, टाके पडलेले. म्हणून पुढच्या बाजूचं भगंदर, तेही बाळंतिणीचं, ‘छोटंच दिसतंय, कापून टाकू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून ये. स्नायू न कापणाऱ्या उपायांचा विचार तुझ्यासाठी सगळ्यात आधी व्हायला हवा, आणि लेझर त्यातला एक आहे.

पण त्याआधी एक प्रश्न, त्याचं उत्तर डॉक्टरांना लाजू नको, खरं सांग. योनीमार्गातून कधी वायू किंवा शौचाचा अंश आल्यासारखं वाटतं का? तसं असेल तर ही वाट गुदमार्ग आणि योनी यांच्यामधली आहे. तिची दुरुस्ती निराळी, लेझरच्या भरवशावर सोडायची नाही. एम.आर.आय. आणि गुदमार्गाची सोनोग्राफी, दोन्ही करून घे. सोनोग्राफीत बाळंतपणात स्नायू फाटला होता का तेही दिसतं. एम.आर.आय.साठी दूध तोडावं लागत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झाली तरी शुद्धीत असतेस, बाळाला लवकर जवळ घेता येतं. आणि घाई नाही. गरज पडल्यास सैल धाग्यावर काही महिने सुखानं काढता येतात.

स्त्री सर्जन मागून घ्यायचा तुला हक्क आहे. पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना नर्स शेजारी हवीच. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग.

नवऱ्याला सांग. शस्त्रक्रिया लपेल कदाचित, पण दोन महिने पॅड लावणं, टबात बसणं, बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन ड्रेसिंगला जाणं, हे एकटीनं लपवत करणं फार जड जातं. माझ्या आईनं पंधरा वर्षं एक गोष्ट एकटीनं पोटात ठेवली, म्हणून म्हणते.

मी पेडण्यातला निवृत्त शिक्षक, वय 66. मधुमेह आहे. धारगळला आयुर्वेदाची मोठी संस्था झाल्यापासून क्षारसूत्राबद्दल ऐकतो. मुलगा लेझरच करा म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या श्रेष्ठ काय?

सर, सुश्रुतांनी भगंदर आठ महाव्याधींत धरलं आहे, म्हणजे ते चिवट आहे हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. पिकण्याआधी ती पिडका (फोड), पिकून फुटली की भगंदर, असा भेदही त्यांनी केला. वाटांना दिलेली नावं तर मला एम.आर.आय. पाहताना आठवतात: उंटाच्या मानेसारखं उष्ट्रग्रीव, शंखाच्या वेढ्यासारखं शंबूकावर्त, चाळणीसारखं शतपोनक.

क्षारसूत्र म्हणजे दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे 21 लेप. विसाव्या शतकात काशी हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ते पुन्हा प्रचारात आणलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं अनेक रुग्णालयांत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि 1991 साली निष्कर्ष छापले. क्षारसूत्रानं बरं व्हायला वेळ जास्त लागला, आठ आठवड्यांच्या आसपास, शस्त्रक्रियेला चार. पण आजार परत येण्याचं प्रमाण क्षारसूत्रात कमी होतं, 4 टक्के विरुद्ध 11. मी ॲलोपॅथीची आहे, तरी हा अभ्यास मला मान्य आहे आणि मी रुग्ण तिकडं पाठवते.

तुमच्या मुलाला हे समजावून सांगा: क्षारसूत्रही स्नायू कापतं, फक्त आठवड्याला थोडा थोडा, मागचा भाग भरून येत जातो. दर आठवड्याला धागा बदलताना दुखतं. खालच्या वाटेसाठी ते चांगलं आहे, पदराला फार खार लागत नाही, आणि धारगळ तुम्हाला जवळ आहे. वाट वरची असेल तर मी लेझर किंवा लिफ्टकडे झुकेन. त्यामुळे आधी एम.आर.आय., मग वैद्य आणि सर्जन दोघांनाही तोच दाखवा.

तुमच्या बाबतीत पहिला शत्रू साखर आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा आणि ती आटोक्यात आणूनच पुढं जा, नाहीतर दोन्ही उपाय वाया. आणि शस्त्रक्रियेत वाटेचा एक तुकडा तपासायला पाठवायला सांगा. आपल्याकडे क्षयामुळेही भगंदर होतं. तसं निघालं तर क्षयाच्या गोळ्यांशिवाय कुठलाही धागा किंवा प्रकाश उपयोगी पडत नाही.

पणजीहून एका ताईंनी मूळव्याध, फिशर आणि फिस्टुला तिन्ही एकाच लेझरनं अर्ध्या तासात कायमचे बरे, असं कात्रण पाठवून खरं का विचारलंय.

ताई, नाही. तिन्ही आजार वेगळे. फिशर म्हणजे चीर. ती बहुतेक वेळा मलम, कोमट पाणी आणि मऊ शौच यांनीच भरते. मूळव्याधीत लेझर वापरतात, पण तिथं तंतू आणि तंत्र दोन्ही निराळं. भगंदराचं वर लिहिलंय. ‘कायमचे’ हा शब्द वापरणाऱ्याला विचारा: तुम्ही अशा किती जणांवर हे केलं, आणि वर्षभरानंतर त्यातल्या किती जणांना परत पाहिलं?

फोंडा तालुक्यातून, वय 44. पाच दिवस ताप आहे, बसायच्या जागी मोठी गाठ, रात्रभर झोप नाही. अँटिबायोटिक चालू आहे. दहा दिवसांनी भाचीचं लग्न. ते झालं की थेट लेझर करून घेऊ का?

हे पत्र माझ्या हाती आलं त्याच संध्याकाळी त्यावरच्या नंबरवर मी फोन केला, कारण अंक छापून यायची वाट बघण्यासारखं ते नव्हतं. आत पू असताना गोळ्या नुसती वेळ खातात, आणि लेझरला तिथं काहीच काम नाही. चीर देऊन पू बाहेर काढणं, तेही त्याच दिवशी, एवढाच उपाय. उशीर केला तर पू आणखी खोल शिरतो, वाट वाढते, मधुमेह असलेल्या माणसाच्या तर जिवावर बेततं. रात्री नऊच्या सुमारास त्यांचा पू काढला. आता ताप नाही. अशा फोडांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मे पुढं भगंदर होतात, त्यामुळे जखम भरल्यावरही सहा आठवड्यांनी दाखवायला यायचं, असं त्यांना सांगितलंय. ते लग्नाला गेले होते. हे सगळं छापायची परवानगी त्यांनीच दिली, नाव तेवढं नको म्हणाले.